बॅटरीवरची चिलीम

रात्री दीडला लाइट येणार म्हणून आबा उठले. मफलर गुंडाळला, डोक्याला बॅटरी बांधली, बटण दाबलं. उजेड नाही. ठोकून पाहिली, हलवून पाहिली, शेवटी मागचं झाकण उघडलं तर आत सेलच नव्हता. मक्याचं पाणी भरायचं, बांधावर बिबट्याचे ठसे दिसल्याची आठवडाभर चर्चा, आणि बॅटरीचं काळीजच कुणीतरी काढून नेलेलं. चोर घरातलाच होता. माळवदावर बसून त्याच सेलच्या जिवावर तो तोंडातून ढग सोडत होता.

अजिंठ्याच्या पंचक्रोशीतलं हे घर कोणतं ते विचारू नका. सदर लिहिणाऱ्यालाही इथंच राहायचंय. पोरगं मात्र गुणी. बारावी सायन्स, मग मोबाइल दुरुस्तीचा कोर्स, घरात सोल्डरिंगची बंदूक आणि हातात जबरदस्त कसब. छंद एकच: ई-सिगारेट घरी बनवणं. विकतची मिळत नाही असं नाही. बंदी आहे, म्हणजे मिळतेच. फक्त चार पैसे जास्त लागतात. पण विकतचं ओढण्यात कसला आलाय पुरुषार्थ!

ते यंत्र मी हातात घेऊन पाहिलंय. पाऊण इंची पाइपाचा वीतभर तुकडा, त्यात आबांचा सेल. सलाइनच्या बाटलीचं बूच, ते जवळच्या दवाखान्याच्या उकिरड्यावरून आणलेलं. आत जुन्या इस्त्रीतली तार गुंडाळलेली. तारेत आईच्या देवघरातल्या वातींचा कापूस. बटण दारावरच्या बेलचं, म्हणून आलेला पाहुणा आता कडी वाजवतो. आणि तोंडात धरायला ठिबकच्या नळीचा तुकडा. ज्या ठिबकच्या अनुदानाची फाइल तालुक्याला पडून आहे, त्याच ठिबकचा. सगळ्यावर लाल चिकटपट्टी. एका नळीत शेती, दवाखाना, देवघर आणि इस्त्री एकत्र नांदताना मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

‘‘हे कामून रे?’’ मी विचारलं.

‘‘काका, सिगारेट सोडायला.’’

‘‘तू कधी ओढत होतास?’’

‘‘नाही. पण सोडायची तर तयारी आधीपासून नको?’’

या दूरदृष्टीला तोड नाही. पोराला इतिहासही पाठ आहे. अमेरिकेच्या हर्बर्ट गिल्बर्टनं १९६३ साली बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६५ साली पेटंट मिळालंही, पण कारखाना काही निघाला नाही. मग २००३च्या सुमाराला चीनच्या होन लिक या औषधतज्ज्ञानं आजची ई-सिगारेट जन्माला घातली. हा गृहस्थ स्वतः दांडगा सिगारेटवाला. शोध लावून दहा वर्षं उलटल्यावरही अधूनमधून खरी सिगारेट ओढतोच, असं त्यानं मोकळेपणानं सांगितलं होतं. सुरुवातीच्या त्या यंत्रांच्या बॅटऱ्या चिमुकल्या, दोन झुरक्यांत मान टाकणाऱ्या. म्हणून तिकडच्या हौशी कारागिरांनी त्यातला ऐवज काढून टॉर्चच्या नळकांड्यात बसवला आणि या छंदाचा पाया घातला. तेव्हा आबांच्या बॅटरीवर पोरानं हात टाकला तो घराण्याला बट्टा म्हणून नव्हे, घराण्याची रीत म्हणून. फक्त घराणं वेगळं.

सेलचं नाव अठरा-सहाशे पन्नास. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य तो गोल असल्याचं सांगणारं. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. आता शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवा. पोराला तो प्रॅक्टिकलला आठवला नव्हता, माळवदावर आठवला. तारेचा रोध जितका कमी, तितका प्रवाह जास्त, तितका ढग मोठा. रोध ०.१ ओहमवर आणला की हिशेबानं ४२ अँपिअर. ज्या घरात फ्रिज, मोटार आणि टीव्ही एकदम चालले तरी बत्तीस अँपिअरचा खटका पडतो, त्या घरातलं पोरगं बेचाळीस अँपिअर ओठांपासून वीतभर अंतरावर धरून बसतं. आणि त्याला खटका नाही. पन्नास-साठ रुपयांच्या सेलला इतका प्रवाह झेपत नाही. तो तापतो, फुगतो आणि फुटतो. फ्लोरिडात २०१८ साली असंच एक यंत्र फुटून माणूस दगावला. पोराला हे सांगितलं. ते म्हणालं, ‘‘त्याचं सोल्डरिंग कच्चं असंल.’’

आत भरायच्या रसाचंही असंच. मेडिकलमधलं ग्लिसरीन, आइस्क्रीमवाल्याकडचा व्हॅनिला इसेन्स, आणि ‘किक’साठी आबांच्या तंबाखूचा काढा. हाच काढा आबा कपाशीवरच्या किडीवर फवारतात. कीड मरते. अमेरिकेत २०१९ साली अशाच कुणीतरी कुठंतरी कालवलेल्या रसांनी फुप्फुसं निकामी होऊ लागली. व्हिटॅमिन ई अॅसिटेट नावाचं तेलकट द्रव्य त्यात सापडलं, तेही मुख्यतः गांजाच्या अर्काच्या चोरट्या नळ्यांत. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जणांना दवाखाना दिसला आणि ६८ जण गेले. व्हिटॅमिन म्हटल्यावर आपल्याकडं कुणी घाबरलंच नसतं. उलट डॉक्टरकडं जाऊन मागून घेतलं असतं.

यातली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली: कापूस. परदेशातले शौकीन यासाठी जपानी सेंद्रिय कापूस वापरतात. चिमूटभर, नक्षीदार पुडीत, ग्रॅमच्या हिशेबानं. आमच्या सोयगाव-सिल्लोडच्या शेतकऱ्याला लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, म्हणजे किलोला ८१ रुपये १० पैसे. तोही ओलावा निघाला नाही, केंद्र उघडलं, नोंदणी झाली आणि सर्व्हर चालू असला तर. बाकी व्यापारी आहेच, त्याचा हात कायम काट्यावर. जगातल्या सगळ्या ढग सोडणाऱ्यांनी अजिंठ्याच्या डोंगराखालचा कापूस जाळायचा ठरवला असता तर बोंडअळीची कर्जं कधीच फिटली असती. पण सरकारनं नेमकी तीच वात विझवली.

१८ सप्टेंबर २०१९ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळं बंद. कायद्यातली ई-सिगारेटची व्याख्या मुळातून वाचावी अशी आहे. पदार्थ तापवून हुंगण्याजोगी वाफ करणारं विजेचं उपकरण. निकोटिन असो वा नसो, सुवास असो वा नसो, नाव काहीही असो, आकार-रूप कोणतंही असो. परमेश्वराचं इतकं नेमकं वर्णन करायला आपल्या संतांना काही शतकं लागली. संसदेनं एका अधिवेशनात उरकलं. ही व्याख्या वाचल्यापासून आमच्या शेजारच्या माईंनी सर्दीचा वाफारा घ्यायचं विजेचं भांडं फडताळात लपवलंय. पदार्थ तापतो, वाफ होते, निलगिरीचा सुवास आहे आणि माई हुंगतात. औषध कायद्याखाली परवाना असेल तर सूट आहे म्हणे, पण माईंनी ते भांडं बाजारात ताडपत्रीवरून घेतलंय.

उत्पादनाची व्याख्या तर त्याहून व्यापक. यंत्र बनवणं किंवा जुळवणं, त्याचा कोणताही भाग बनवणं, सगळं उत्पादन. म्हणजे ते माळवद हा कारखाना, पोरगं कारखानदार आणि फुलवाती वळणाऱ्या आई सुट्या भागांच्या पुरवठादार. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. गंमत अशी, की ओढण्याला शिक्षा लिहिलेलीच नाही. बनवायची नाही, विकायची नाही, आणायची नाही, साठवायची नाही. पण आकाशातून पडून थेट ओठांत अडकली, तर खुशाल ओढा.

तुलनेला आमची लेणी जवळच आहेत. २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यातल्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर कोरून ठेवलं. आज कुणी तेच केलं तर स्मारकांच्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे बेलचं बटण दुसऱ्यांदा पाइपाला डकवणं हे बोधिसत्त्वाच्या अंगावर सही करण्यापेक्षा महाग. धुराबद्दल मात्र लेण्यांची काळजी खरी आहे. आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लावायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीनं जायचं. त्या एसटीच्या खिडकीतून बाहेर जी पिचकारी जाते, तिला धूर नसतो.

२०१६-१७च्या तंबाखूच्या पाहणीत देशात ई-सिगारेटचं नाव ऐकलेले शंभरात तीन निघाले आणि वापरणारे दहा हजारांत दोन. त्याच पाहणीत महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के होते. आणि तंबाखू खाणारे, चोळणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे प्रत्येक चौथा मोठा माणूस. यांचं काय केलं? गुटख्यावर राज्यात २०१२च्या जुलैपासून बंदी आहे. ती एकेका वर्षाची असते, दर वर्षी नव्यानं काढावी लागते. वर्षश्राद्ध घातल्यासारखी ती घातली जाते, आणि मेलेला दारातच बसून पुडी फाडत असतो.

कारण घरगुती जुळणीचं खरं शास्त्र टपरीवर आहे. पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी. दोन्ही वेगळ्या, दोन्ही आपापल्या जागी निरागस, जुळणी ग्राहकानं तोंडात करायची. मावावाल्याचा हात बघा. प्लॅस्टिकच्या कागदावर कातरलेली सुपारी, चिमूट तंबाखू, बोटभर चुना, दोन थेंब पाणी, कागदाची घडी आणि मग मांडीवर घसाघसा. कागद गरम होतो, चुना सुपारीला बसतो, रंग बदलतो. रबर लावून पुडी हातात. ना सेल, ना ओहमचा नियम. घरोघरी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून मिश्री होते, तिच्या ठसक्यानं अख्खी आळी खोकते. त्या तव्याला कुणी उत्पादन म्हटलं नाही. आमचे आजोबा मातीची चिलीम, खाली ओल्या फडक्याची छापी, आत खडा, आणि पेटवायला गारगोटी-चकमक एवढं खिशात घेऊन रानात जायचे. चार्जिंगचा प्रश्न नव्हता, वॉरंटी मोडेपर्यंत. तीही हाताचीच कारागिरी. गुन्हा फक्त बॅटरी घालणाऱ्याचा.

कायद्यानं साठा जवळच्या पोलिसांकडं जमा करायला सांगितलाय. आम्ही पोराला ते सुचवून पाहिलं. त्याला रस्त्यात टपरीवाल्या मामांनी अडवलं. लाल चिकटपट्टीचं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, बटण दाबलं, तार लाल झालेली बघून मान डोलावली.

‘‘हे तू केलं?’’

‘‘हो मामा.’’

‘‘मग आमची मशीन कामून बंद पडती रे? सुपारी घातली की मोटर गरम होती अन् वास येतो.’’

मामांनी मावा घासायला यंत्र केलंय. मांडी दुखायला लागली होती, आणि मागणी मांडीच्या बाहेर गेली होती. पोरानं तिथंच उकिडवं बसून मोटर उघडली, कार्बन बदलला, पट्टा ताणला, गिअर बसवला. संध्याकाळपर्यंत यंत्र गरगर फिरू लागलं. मामांनी पाचशेच्या दोन नोटा दिल्या आणि शेजारच्या गावातल्या दोन मित्रांचे नंबर.

आता पोरानं छंद सोडलाय. दिवसभर मोटारसायकलवर पाना-पक्कडची पिशवी अडकवून तालुका पालथा घालतं. आबांना नवी बॅटरी आणून दिली, दोन सेलची. आई आळीत सांगते, पोरगं मशीनच्या लायनीत आहे. जमिनीचा तुकडा बघून नाकं मुरडणारी स्थळं आता आपणहून सांगून यायला लागलीत.