वॉर्म-अप

नव्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचं क्रीडा शिबिर मुंबईत, हजेरी सकाळी सातला. मुरबाडला रेल्वे नाही. तिथला पोरगा पहिल्या एसटीने कल्याण गाठतो. शहापूरची पोरगी रिक्षाने आसनगावला येते आणि कसाऱ्याहून आलेल्या लोकलमध्ये घुसते. मैदानात पोचेपर्यंत दोघांचा वॉर्म-अप झालेला असतो. (कबड्डीत एवढी माणसं अंगावर येत नाहीत.)

मार्गदर्शक म्हणतात, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. पोरगी मान डोलावते. भातसा, तानसा ही धरणं तिच्याच तालुक्यातली. पाणी मुंबईला तिच्याआधी पोचतं, तेही वेळेवर. उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर टँकर येतो. दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढणं म्हणजे 'कोअर स्ट्रेंथ', हे मात्र तिला आजच कळलं. प्रमाणपत्र मिळेलच, 'उशिरा हजर' असा शेरा मारून.