कितवा?

हातात पुस्तक दिसलं की चारचौघं विचारतात, "कसं आहे?" त्याहून चौकस असतील ते विचारतात, "केवढ्याला पडलं?" क्रमशः विचारतो, "कितवा?"

त्याचं खरं नाव आता फक्त आधार कार्डावर आणि त्याच्या आईच्या तोंडी उरलंय. बाकी जगासाठी तो क्रमशः. तुमच्याही ओळखीत असा एक असणारच. सिनेमाची पहिली पाच मिनिटं हुकली तर तिकीट फाडून घरी जाणारा, पुस्तकाची प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि मुद्रकाचा पत्ता वाचल्याशिवाय पान न उलटणारा. आमच्याकडच्याचं वैशिष्ट्य एवढंच की त्याचं हे दुखणं फँटसी कादंबऱ्यांवर जाऊन बसलंय. तिथे त्याला चारापाणी भरपूर, कारण या जातीची कादंबरी एकटी जन्मालाच येत नाही. तीन भाग तर गृहीतच. पुढे सात, चौदा, लेखकाची प्रकृती आणि प्रकाशकाची भूक असेल तसं.

मी टेरी प्रॅचेटचं 'गार्ड्स! गार्ड्स!' वाचत होतो. प्रॅचेटचं डिस्कवर्ल्ड म्हणजे चार हत्तींच्या पाठीवर तोललेलं सपाट जग. हत्ती उभे आहेत एका अवाढव्य कासवावर आणि कासव अंतराळात पोहतंय.

"कितवा?"

"आठवा."

"पहिले सात?"

"नाही वाचले."

देवळात चप्पल घालून शिरलेल्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं, की बाबा रे, या मालिकेतली पुस्तकं सुटी वाचता येतात. १९८९च्या या कादंबरीत शहराच्या पहारेकऱ्यांची गोष्ट नव्याने सुरू होते. कप्तान व्हाइम्स पहिल्यांदा भेटतो तोच गटारात, दारू पिऊन पडलेला, आणि गटारात पडलेल्या माणसाची ओळख पटायला मागचे सात भाग लागत नाहीत. मालिकेचे कट्टर चाहतेसुद्धा नवख्याला सांगतात की १९८३च्या पहिल्या भागापासून सुरुवात करू नकोस, तेव्हा प्रॅचेटचा हात बसायचा होता. चेटकिणींच्या कादंबऱ्या वेगळ्या, पहारेकऱ्यांच्या वेगळ्या, साक्षात मृत्यू ज्यांत नायक आहे त्या वेगळ्या. कुठून कुठे जावं याचे बाणबिण काढलेले तक्ते लोकांनी केलेत.

"वाचता येतं म्हणून वाचायचं का?" क्रमशः म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पहिला भाग घेऊन दारात हजर. खाकी कव्हर, कोपऱ्यात लाल शाईने '१'. मी वाचून परत केला तेव्हा दुसरा पिशवीत होता, पण त्याआधी तोंडी परीक्षा झाली. कासवाचं नाव आलं. हत्तींची नावं आली नाहीत. दुसरा भाग पिशवीतच परत गेला.

हे पुस्तकांपुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण प्रश्न जिभेवर बसला की जागा बघत नाही. एका मुंजीच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांना पुरणपोळी वाढली जात असताना याने निरागसपणे विचारलं, "कितवी?" ते गृहस्थ हात धुवायलाच उठले. बारशाला गेला, पाळण्यात डोकावला आणि आजीबाईंना म्हणाला, "कितवा?" मित्राने चाळिशीनंतर पुन्हा लग्न केलं, रिसेप्शनच्या स्टेजवर, फोटोग्राफर 'स्माइल' म्हणत असताना, वधूच्या देखत, "कितवं?" आम्ही त्याला ओढत खाली आणलं. त्याचं म्हणणं, त्याला रिसेप्शन कितवं ते विचारायचं होतं, कारण मुलीकडचं आदल्या दिवशी होऊन गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

त्याचा प्रश्न शोभून दिसतो अशा जागा दोनच. एक, डॉक्टरांचा दवाखाना. तिथे कंपाउंडर चहाला गेला की अख्खी रांग क्रमशः चालवतो, आणि मधे घुसणाऱ्याला खोकत असला तरी मागे पाठवतो. दुसरी जागा म्हणजे कुणी गेलेल्याचं घर. तिथे "आज कितवा?" हा प्रश्न सगळेच विचारतात, पण इतक्या मनापासून कुणीच नाही.

नार्नियाच्या बाबतीत तर तो लेखकालाही जुमानत नाही. सी. एस. लुईसची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. पहिलं आलं ते कपाटातून बर्फात उघडणाऱ्या जगाचं. ते जग मुळात निर्माण कसं झालं याची गोष्ट, 'द मॅजिशियन्स नेफ्यू', आली थेट १९५५ साली, सहावी. १९९४ साली प्रकाशकांनी घटनाक्रम धरून नवे आकडे घातले आणि सहाव्याला पहिलं केलं. क्रमशःच्या लेखी जगाचा इतिहास चौऱ्याण्णवच्या आधीचा आणि नंतरचा असा विभागलेला आहे. माझ्या भाचीला वाढदिवसाला नव्या आकड्यांचा संच मिळाला, तेव्हा हा कात्री, डिंक आणि चिठ्ठ्या घेऊन आला आणि सातही पुस्तकांच्या कण्यांवर जुने आकडे डकवून गेला.

मी म्हटलं, "अरे, खुद्द लुईसने १९५७ साली एका अमेरिकन मुलाला पत्र लिहिलंय. मुलगा घटनाक्रमाच्या बाजूचा, आई प्रकाशनक्रमाच्या. लुईस मुलाच्या बाजूने गेला. वर लिहिलं, कोणत्या क्रमाने वाचता याने कदाचित फारसं बिघडत नाही."

"लेखकाला काय कळतं?" क्रमशः म्हणाला. "त्याने फक्त लिहिलंय."

पण पुढे त्याने जे सांगितलं त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. बर्फाळ जंगलात मधेच एक रस्त्यावरचा दिव्याचा खांब, पेटलेला. मुलगी त्याच्याकडे बघत उभी. हा इथे कसा? तो कसा आला ते सहाव्या भागात कळतं. "आधी कोडं पडलं पाहिजे ना? तू उत्तर आधी दिलंस तर तिला नुसता खांब दिसेल. आपल्या गल्लीतही खांब आहेत."

त्याला निरुत्तर झालेला मी दोनदाच पाहिलाय. एकदा रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'मुळे. चौदा भागांची ही मालिका. जॉर्डन २००७ साली गेला आणि शेवटचे भाग ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले. पण दहावा आणि अकरावा यांच्या मधे, २००४ साली, जॉर्डनने पहिल्याच्याही आधीची गोष्ट लिहून ठेवलीय. ती माझ्या हातात होती.

"कितवा?"

"शून्यावा."

तो मटकन बसला. पाणी मागितलं.

दुसऱ्यांदा मी महाभारत काढलं. म्हटलं, आपल्यापैकी कुणी आदिपर्वापासून महाभारत ऐकलंय का? कुणाला आधी द्यूत भेटलं, कुणाला कर्ण, कुणाला रविवारच्या टीव्हीवरचा भीष्म. ग्रंथ स्वतःच सुरू होतो सगळं संपून गेल्यावर, नैमिषारण्यात. आणि भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचं काय? आदिपर्व पुरं झालं १९३३ साली, विराटपर्व आलं १९३६ साली, आणि दुसरं जे सभापर्व, ते १९४४ साली! पुण्यात, एवढ्या विद्वानांच्या डोळ्यांदेखत!

क्रमशः न बोलता घरी गेला. काही दिवसांनी जिन्यातच त्याने मला अडवलं. "बघून आलो. छापलं मागेपुढे, पण विराटावर खंड पाचवा असंच घातलंय आणि सभेवर दुसरा. जागा राखून ठेवल्या होत्या त्यांनी." चेहऱ्यावर असं समाधान, की संस्थेची अब्रू यानेच वाचवली.

अशा माणसाला टाळावं, असं माझं बरेच दिवस मत होतं. पण भाचीने एकदा नार्नियाचा तिसरा भाग उचलला. कारण? मुखपृष्ठावर जहाज होतं. ती पहिल्याला हात लावीना. मी दार लोटून घेतलं, आता महायुद्ध. क्रमशःने तिसरा भाग तिच्या हातातून घेतला, मिटून मांडीवर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. कपाट, बर्फ, खांब, सिंह. पहिला भाग, मग दुसरा, दिवेलागणीपर्यंत. चेटकिणीचा आवाज बायकी, बीव्हरचा आमच्या वाण्याचा. पुढच्या भागांतली एक गोष्ट फुटू दिली नाही; तिने खांबाबद्दल दहा वेळा विचारलं तरी नाही. मग पुस्तक तिला परत दिलं. "आता वाच."

पोर ती. तिने सहज विचारलं, "काका, तुम्ही आत्ता कितवा वाचताय?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. तो चष्मा पुसायला लागला.

पुढे मी त्याच्या कपाटात पाहिलं. डिस्कवर्ल्ड, एक ते चाळीस, खाकी कव्हरं, लाल आकडे, कणे मऊ पडलेले. एकेचाळिसावा मात्र दुकानातल्या प्लास्टिकमध्ये तसाच. प्रॅचेट २०१५च्या मार्चमध्ये गेला आणि 'द शेफर्ड्स क्राउन' त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. ते न वाचता ठेवून देणारे वाचक जगभर आहेत, एवढं मला माहीत होतं. त्यातला एक आमच्याच जिन्यात राहतो हे माहीत नव्हतं.

"वाचत का नाहीस?"

"तुझं बरं आहे," तो म्हणाला. "तुझा कधी सोळावा राहिलेला असतो, कधी तिसावा. शोधलं की सापडतोच एखादा. मी सगळे ओळीने संपवले."

मग एकदम सावरून म्हणाला, की त्याला वेळ कुठाय, तो सध्या पुन्हा वाचतोय, या खेपेला धारेप्रमाणे: आधी मृत्यूच्या कादंबऱ्या, मग पहारेकऱ्यांच्या, मग चेटकिणींच्या. त्याआधीची फेरी प्रकाशनक्रमाने झाली होती. पुढची घटनाक्रमाने करायचा विचार आहे. तीनही तक्ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत, पट्टीने रेघा मारून.

मी तिन्ही वाचून काढले. तिन्ही चाळिसाव्यापाशी थांबतात. शेवटचं नाव राहिलं, असं मी दाखवलं तर म्हणाला, कागद तिथेच संपला.

कागद ए-थ्री होता. खाली वीतभर जागा कोरी होती.