दारू निवडणारा माणूस

लेकीकडे ओहायोत जाऊन आठवडा झाला असेल. चिपळूणला धाकट्या भावाला फोन लावला आणि बोलता बोलता सांगितलं, "शेजारी भला माणूस आहे. रोज संध्याकाळी गॅरेजात बसून दारू मोजतो." भाऊ क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मोजून घेतो म्हणजे शिस्तीचा दिसतोय."

ही दारू प्यायची नव्हे, उडवायची, हा खुलासा मला मागाहून करावा लागला. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे आणि तो बरोबरच आहे. दोन्हींचा नाद लागलेली माणसं बायकोला सारखीच कारणं सांगतात.

नातवाने या शेजाऱ्याचं नाव गॅरेजकाका ठेवलं होतं. उंच, पोट जरा पुढे, डोक्यावर मळकी टोपी आणि गळ्यात दोन चष्मे: एक जवळचा, दुसरा त्याहून जवळचा. मला आधी वाटलं, हा एकच वल्ली आहे. पण त्याने एकदा रेंजवर नेलं, तेव्हा कळलं की ही आख्खी जमात आहे. तिथे त्याच्यासारखे सात-आठ जण दिसले. ते ओळखायला सोपे. पिस्तूल चालवायला आलेला माणूस पुढे निशाणाकडे बघतो, हे जमिनीकडे बघत चालतात. कुणाचा बार झाला की निशाणावर कुठे लागलं याची त्यांना फिकीर नसते. रिकामी पुंगळी कुठे उडून पडली, तिकडे त्यांचे डोळे. सत्तरीचा माणूस, गुडघ्यांची तक्रार असलेला, पण पितळेची पुंगळी दिसली की आमराईतल्या पोरासारखा वाकतो.

कारण असं की काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी यांचा हिशेब मिटतो, पुंगळी मात्र शाबूत राहते. चौघांत सगळ्यांत महाग तीच. मग जुनी टोपी काढा, पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणा, नवी टोपी बसवा, दारू भरा, गोळी ठेवा, तोंड आवळा. झालं नवं काडतूस. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे घरी करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. करून विकायचं म्हटलं तर लागतो. आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ आहे, आणि परवान्याशिवाय एक काडतूस जरी बनवलं तरी मुक्काम सरकारी पाहुणचारात. म्हणून ही जमात आपल्याकडे उगवली नाही. नाहीतर काटकसर आणि चिकित्सा हे दोन्ही गुण एकत्र नांदणाऱ्या आमच्या मुलखात तिचं पीक जोमात आलं असतं.

साच्यात दाबायला जे यंत्र लागतं त्याला प्रेस म्हणतात. आमच्या हिने ते पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा तर सोऱ्या!" खरंच होतं. वर दांडा, खाली नळी, आत बदलायच्या चकत्या. शेवेची चकती काढून चकलीची घालावी तसे हा नाइन एमएमचे साचे काढून पॉइंट पंचेचाळीसचे घालतो.

या सोऱ्यांत तीन वर्ण आहेत. पहिला साधा: एका दांड्याला एकच काम. शंभर पुंगळ्यांच्या टोप्या काढा, मग शंभर दाबा, मग शंभरांना टोप्या बसवा. दुसऱ्यात साच्यांची चकती वर फिरते. तिसरा प्रोग्रेसिव्ह: खालची थाळी फिरते, प्रत्येक खणात वेगळं काम चालतं आणि दांड्यागणिक एक तयार काडतूस टपकन बादलीत पडतं. तासाला काही शे. लग्नघरातला आचारीच म्हणा.

वर्णांवर पुन्हा पंथ, आणि ते रंगावरून. हिरवा पंथ आरसीबीएसचा. १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाच्या गृहस्थाने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत तो सुरू केला. रॉक चक नावाच्या रानघुशीसारख्या प्राण्याची शिकार करण्यासाठी गोळ्या घडवायचं यंत्र त्याने बनवलं होतं. त्या यंत्राच्या नावाची आद्याक्षरं कंपनीला चिकटली आणि घुशीने अजरामर केलेली ही बहुधा एकमेव कंपनी. निळा पंथ अ‍ॅरिझोनातल्या डिलनचा. यांचे सोऱ्ये महाग, पण भाग मोडला तर कंपनी फुकट पाठवते, त्यामुळे अनुयायी डोळे मिटून बोलतात. लाल पंथात दोन शाखा, नेब्रास्काची हॉर्नेडी आणि विस्कॉन्सिनची ली. लीचा मूळपुरुष १९५८ साली घरच्या वर्कशॉपात सुरुवात करणारा. त्यांच्याकडे असाही एक संच निघाला की ज्याला प्रेसच लागत नाही. साचा टेबलावर ठेवायचा आणि हातोडीने ठोकायचा. निळे लोक लालांना कंजूष म्हणतात, लाल लोक निळ्यांना उधळे म्हणतात, आणि हिरवे लोक आमचा सोऱ्या आजोबांपासून चालू आहे म्हणतात.

गॅरेजकाकाकडे तिन्ही रंग होते. मी विचारलं, "यातला चांगला कुठला?" तो म्हणाला, "तेच अजून ठरवतोय." अठरा वर्षं ठरवत होता.

सगळं कशासाठी, तर पैसे वाचवायला. हे तो अगदी गंभीरपणे सांगायचा. मी सहकारी बँकेत सोनेतारण विभागात बत्तीस वर्षं काढलेली. असा माणूस समोर आला की हात आपोआप कागद ओढतो. त्याच्याच आकड्यांनी दर काडतुसामागे आठ सेंट वाचत होते. निळा सोऱ्या, त्याचे साचे, काटा, पुंगळ्या घासायचं यंत्र मिळून हजार डॉलर धरले. म्हणजे साडेबारा हजार काडतुसं उडवल्यावर पहिला सेंट सुटणार. आणि उरलेले दोन सोऱ्ये? "ते आधीच होते," तो म्हणाला. आमच्याकडे कर्जदार हे उत्तर देत.

पण प्रेस ही त्याची सवय झाली. जीव जडला होता तो दारूवर.

फळीवर बरण्यांची रांग. प्रत्येकीवर खरेदीची तारीख, आणि काटेकोर नियम असा की टेबलावर एका वेळी एकच बरणी यायची. दुसरीचं झाकण उघडायचं तर पहिली फळीवर परत. आता आमच्या आजोबांची गोष्ट सांगतो, म्हणजे फरक कळेल. रानडुकरं आणि वानर यांच्यापासून शेत राखायला त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू एकच, काळी. सोरा, गंधक, कोळसा. दुकानदार देईल ती घ्यायची, बांबूच्या नळीने मापायची, वरून ठासायची आणि देवाचं नाव घ्यायचं. निवड नावाची भानगड नव्हती. हे सांगितल्यावर गॅरेजकाका हळहळला. आजोबांच्या गरिबीची नव्हे, निवड नसण्याची.

त्याच्याकडे निवडच निवड. बुल्सआय नावाची एक दारू १८९८ पासून बाजारात आहे. म्हणजे आजोबांच्या वडिलांच्या वेळची, आणि अजून नव्या डब्यात मिळते. दुसरी युनिक, तिच्याच पिढीची. ही सगळ्या कामांना चालते, पण पातळ पोह्यांसारखी पापुद्र्यांची. त्यामुळे मापातून पडताना कधी जरा जास्त पडते, कधी अडकते, वर बंदुकीत काजळी धरते. तिसरी गोल दाण्याची, रव्यासारखी झरझर वाहणारी, मापात चोख. चौथी टाइटग्रूप, इतकी थोडी लागते की पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दिसते. पाचवी ट्रेल बॉस. तिचा दाणा म्हणजे मेदूवड्याची बारीक आवृत्ती, मधोमध भोक, आणि फुगीर इतकी की पुंगळी भरल्यासारखी वाटते.

या पाचांत निवड कशी करायची? चोख पडणारी घ्यावी तर ती थोडी लागते, आणि थोडी लागते म्हणजे चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते. पिस्तूल हातात फुटण्याचा हा राजमार्ग. फुगीर घ्यावी तर दोनदा पडताच पुंगळीतून ओसंडते आणि चूक दिसते, पण गोळीला वेग कमी. स्वच्छ जळणारी घ्यावी तर दुकानात नसते. हे त्रांगडं तो मला रोज सांगायचा. मीही रोज नव्याने ऐकायचो, कारण त्याच्या बोलण्यात काल ठरलेलं आज मोडलेलं असायचं.

कळस झाला तो दोन बरण्यांवरून. एकीवर एचपी-३८, दुसरीवर २३१. दोन महिने तो दोन्हींची तुलना करत होता. वहीत रकाने, रेंजवरच्या चाचण्या, शेरे. "३८ जरा मऊ लागते हाताला." एका संध्याकाळी रेंजवरच्या त्याच्याच जमातीतल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही बरण्यांत माल एकच, फक्त लेबल वेगळं. मी ते गॅरेजकाकाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ठाऊक आहे." मग तुलना कशाला? "खात्री केलेली बरी."

वजनाच्या बाबतीत मात्र आमची तार जुळली. दारू ग्रेनमध्ये तोलतात, ७००० ग्रेनचा एक पाउंड. मी त्याला सांगितलं, आमचा तोळा इंग्रजांनी १८३३ साली १८० ग्रेनला बांधला आणि जुन्या हिशेबाने तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे गुंज पावणेदोन ग्रेनांच्या जरा वर. त्याच्या पिस्तुलाला लागणारे पाचेक ग्रेन म्हणजे अडीच गुंजांच्या थोडे पुढे. तो उठून उभाच राहिला. आपल्यासारखा दुसरा माणूस, तोही सोन्याच्या धंद्यातला! त्या दिवसापासून काट्यासमोरच्या स्टुलावर बसायचा मान मला मिळाला. तोलताना त्याने पंखा बंद केला, तसं मला चिपळूणचं सराफाचं दुकान आठवलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर या माणसावर अन्याय होईल. एरवी तो अखंड बोलायचा. पण दारू पुंगळीत पडायला लागली की एक शब्द नाही. फोन बाहेर, रेडिओ बंद, बिअर तर नाहीच. बायकोने दारातून हाक मारली तरी बोट वर करायचा, हातातली पुंगळी पुरी करायचा आणि मगच मान वळवायचा. प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून बघायचं. माप छापील पुस्तकातलं, आणि तेही खालच्या टोकापासून सुरू करायचं. स्वतःच्या अकलेने एक ग्रेनही नाही.

मी विचारलं, "जास्त पडली तर कळलं, पण अजिबात पडली नाही तर? बार फुसका, एवढंच ना?" आपल्याकडे फुसका बार म्हणजे पडलेला उमेदवार किंवा न रंगलेलं भाषण. तो गंभीर झाला. म्हणाला, दारू नसली तरी टोपी उडते, आणि तिच्या जोराने गोळी पुढे सरकून नळीत अडकते. माणसाला वाटतं काही झालं नाही. तो पुन्हा चाप ओढतो. मागची गोळी पुढच्या गोळीवर, आणि नळी फुटते. "मोठा आवाज आला तर भिऊ नका," तो म्हणाला, "आवाज आला नाही तर भ्या." मी तेव्हापासून चिपळूणच्या कुठल्याही सभेला गेलो की वक्ता फुसका निघाला तरी जरा सरकून बसतो.

टोप्यांबद्दल त्याच्या मनात एक जखम होती. २०२० साली दुकानांतून टोप्या नाहीशा झाल्या. तीन-चार सेंटांची टोपी दहाच्या वर गेली, तीही मिळाली तर. बरण्या भरलेल्या, पुंगळ्या लखलखीत, सोऱ्ये तिन्ही रंगांचे, आणि टोपी नाही. रेशनच्या रॉकेलच्या रांगेत उभं राहिलेल्या पिढीला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. आता नाताळच्या सजावटीच्या खोक्यांमागे टोप्यांची खोकी आहेत, मूळ वेष्टनात. टोप्या काचेच्या बरणीत ओतून ठेवणाऱ्याला तो माणसात धरत नाही. बायकोला त्या खोक्यांबद्दल ठाऊक आहे. किती आहेत ते ठाऊक नाही.

आमच्या हातून त्याचं एकदा नुकसान झालं, तेही सांगून टाकतो. पुंगळ्या घासायला तो मक्याच्या कणसाचा भुगा वापरायचा. ते बघून हिला राहवेना. "पितळ घासायला मका?" म्हणत तिने बॅगेतून आणलेली आमसुलं भिजवली आणि त्याच्या दोन डझन पुंगळ्या त्या पाण्यात टाकल्या. सांगायचं विसरली, रात्रभर राहिल्या. सकाळी पुंगळ्या गुलाबी! आंबट फार वेळ लागलं की पितळातलं जस्त निघतं आणि तांबं वर दिसतं. देवघरातल्या निरांजनाला ते चालतं, पण हजारो पाउंडांचा दाब सोसणाऱ्या पुंगळीचा भरवसा राहत नाही. त्याने एक शब्द उलट काढला नाही. दोन डझन पुंगळ्या पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या आणि आमसुलाचं सार मात्र दोन वाट्या प्यायला. तेही हात दोनदा धुऊन, कारण शिसं हाताळल्यावर गॅरेजात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्याचा आणखी एक नियम.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला एक रिकामी पुंगळी भेट दिली, आरशासारखी घासलेली. मी हात जोडले. आमच्या विमानतळांवर सामानात काडतूस निघालं तर गुन्हा नोंदवतात, आणि रिकामी पुंगळी शोभेची असते हे तपासणीच्या रांगेत उभं राहून पटवून देण्याची हौस मला नव्हती. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, बादलीत परत टाकली आणि म्हणाला, "हरकत नाही, हिला भरतो. फक्त कुठल्या दारूने, ते ठरवायचंय."

परवा लेकीचा फोन आला. अजून ठरलेलं नाही.