चारशे बारा अंश सेल्सिअस

सोलापुरात हवामान कळायला यंत्र लागत नाही. मे महिन्यात पारा 42च्या पुढे गेला की ते भर दुपारी अनवाणी गच्चीवर गेलेल्या कुणालाही कळतं. पावसाचं खातं तर वासराकडेच आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम प्रदीपनानंतर दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढ्यात धान्य, गूळ, बोरं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की गप उभं राहतं, यावरून वर्षाची भाकणूक होते. त्याने तिथेच मूत्रविसर्जन केलं तर पाऊस चांगला. इतकं सगळं एका वासरात असताना माझ्या शाळासोबत्याने तापमान आणि आर्द्रता मोजणारं मॉड्यूल मागवलं, आणि 'तू शिकलेला आहेस बे' म्हणून सेटिंग माझ्या गळ्यात घातलं.

त्याचा यंत्रमागाचा कारखाना पूर्व भागात आहे. वर घर, खाली माग. सुती धाग्याचं माणसाच्या उलट असतं, दमट हवेत तो जास्त मजबूत होतो. मागाच्या खोलीत आर्द्रता 75-80 टक्के असली तर ताणा खूश. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी ती कुठल्या कुठे जाते, मग धागे पटापट तुटतात, माग उभा राहतो आणि तो दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या तोंडून तेलुगू, कन्नड, मराठी असा त्रिभाषिक प्रसाद मिळतो. जुने विणकर खड्डामागावर बसायचे. पाय जमिनीत, ताणा जमिनीलगत, ओल फुकट. पुढे फरशी आली आणि ओल विकत घ्यायची पाळी आली. (एसीचा जन्मही काही माणसाच्या सुखासाठी झालेला नाही. 1902 साली न्यूयॉर्कच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद बिघडत होता, म्हणून कॅरिअर नावाच्या इंजिनिअरने ती व्यवस्था आखली. माणसं मागाहून घुसली.)

तर मॉड्यूल. वीजपुरवठ्याच्या दोन वायरी आणि आकडे लॅपटॉपपर्यंत नेणाऱ्या ए-बी अशा आणखी दोन. ए-बीची अदलाबदल झाली तर ते भांडत नाही, धूर काढत नाही. नुसतं बोलणं टाकतं. वेग 9600, पत्ता 1, असं सगळं जुळल्यावर लॅपटॉपवर आकडा उमटला: 412.

"चारशे बारा," मित्र म्हणाला. "बरोबर आहे. एवढं गरम होतंयच."

हे मॉड्यूल दशांश चिन्ह पाठवत नाही, दहाने भागायचं काम आपल्यावर सोडतं, हे मी समजावून सांगितलं. 41.2 ऐकून तो जरा हिरमुसला. आर्द्रता 286, म्हणजे 28.6 टक्के. त्याचे वडील, ज्यांना अख्खी गल्ली मामा म्हणते, खाली आले. त्यांनी ताण्यातला एक धागा दोन बोटांत धरून किंचित फिरवला, "कोरडंय" म्हणाले, मग पडद्याकडे पाहिलं. "बरोबर सांगतंय. शिकलेलं दिसतंय."

पुढची पायरी हवा दमट करणाऱ्या फवाऱ्याची. तो मॉड्यूलमधल्या रिलेने चालू-बंद व्हायचा. 70 टक्क्यांना चालू-बंद कर, असं सांगितलं तर 69.9ला रिले 'टक', 70.1ला पुन्हा 'टक', असा ताल धरते. म्हणून दोन आकडे द्यावे लागतात: 65ला चालू, 75ला बंद. हे मधलं अंतर म्हणजे जावयाचा रुसवा. ज्या शब्दावरून तो रुसला, तो शब्द मागे घेऊन भागत नाही. पुरणपोळीपर्यंत जावं लागतं.

"मग सत्तरला काय करतंय बे ते?"

"आधी जे करत होतं तेच."

"म्हणजे सरकारी हापीस."

मला यापेक्षा चांगली व्याख्या अजून सापडलेली नाही.

पण फवाऱ्याला पाणी लागतं, आणि नळाला रोज पाणी येण्याची सवय आमच्या शहराला नाही. उजनीहून शंभरेक किलोमीटर येता येता तेही दमत असणार. म्हणून मॉड्यूलच्या पहिल्या डिजिटल इनपुटला टाकीतला फ्लोट जोडला. टाकी रिकामी झाली की पंप बंद. दुसरं इनपुट मोकळं राहिलं. वहिनी जिन्यावरून सगळं ऐकत होत्या.

"भावजी, नळाला पाणी आलं की सांगायचं नाही का त्याला?"

पाइपमध्ये फ्लो स्विच बसला. दुसऱ्या आउटपुटला दिवा. पहिल्याच रात्री दिवा लागला, वहिनी बादल्या घेऊन धावल्या आणि नळातून नुसती फुसफुस हवा आली. मग सेटिंगमध्ये उशीर टाकला: सलग 30 सेकंद पातं हललं तरच ते पाणी.

आता त्या गल्लीत आर्द्रतेचं नाव कुणी काढत नाही. दिवा लागला का, एवढंच विचारतात. पाणी बहुधा पहाटे तीनला येतं आणि झोपलेल्याला दिवा दिसत नाही, म्हणून शेजारणींच्या आग्रहाने दिव्याच्या जागी भोंगा लावला आहे. 1877 सालच्या जुन्या मिलचा भोंगा बंद पडल्यापासून पूर्व भागाची भोंग्यावर उठायची सवय मोडली होती. मामा म्हणतात आवाज तेवढा दमदार नाही, पण पाळीला उशीर चालत नाही, हे तसंच आहे.