नाना कंट्रोलर

नानांची उभी हयात एसटीच्या नियंत्रक केबिनमध्ये गेली. निवृत्तीनंतर स्टँड सुटलं, पण गाड्या सोडायची खोड काही सुटली नाही. घरात ती सोसणार कोण? मुलगा फिरतीवर, सून नोकरीला आणि काकू तर हुकमात कधीच नव्हत्या. अशात नातवाने पाळलेल्या पांढऱ्या उंदरांच्या जोडीतल्या एकीचं पोट दिसू लागलं आणि नाना पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले.

उंदरीण १९ ते २१ दिवसांत विते, हे कळल्यावर त्यांना फार समाधान वाटलं. इतकी वक्तशीर गाडी त्यांच्या पाहण्यात नव्हती. अडचण एवढीच की ती निघाली कधी, हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

पहिला हुकूम नराला सुटला. व्याल्यावर चोवीस तासांच्या आतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नराची रवानगी गॅलरीतल्या खोक्यात झाली. काकू गवार मोडत होत्या. म्हणाल्या, "बरोबरच आहे. बाप कुठे बाळंतपणाला घरी असतो? थोरल्याच्या वेळी तुम्ही पंढरपूरला, आषाढीच्या जादा गाड्या सोडत होतात. धाकटीच्या वेळी कार्तिकीच्या." नानांना हे ऐकू गेलं नाही. ऐकू न येण्याचा सराव स्टँडवर चांगला होतो.

नाना पुस्तकी माणूस. बाळंतपण कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे नियमांत कुठे ढिलाई नाही. सुनेने मायेने कापूस आणून दिला, तो परत गेला. त्याचे धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळले जातात. त्याऐवजी टिश्यूपेपर आला. उंदरिणीने तो रात्रभर कुरतडून कोपऱ्यात घरटं केलं. ताकदीसाठी उकडलेलं अंडं सुरू झालं. या घरात केकसुद्धा 'बिनअंड्याचा ना?' असं विचारून येतो. डिंकाच्या लाडवांचं पाहू का, असं काकूंनी अगदी गंभीरपणे विचारलं. नानांनी तितक्याच गंभीरपणे नको म्हटलं.

सगळ्यात पंचाईत झाली ती स्वयंपाकघरातल्या उंदरांची. पांढरी बाळंतीण आणि डाळीच्या डब्यामागचा चोर हे प्राणिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीचे. आता तरी सापळा बंद होईल, असं आम्हां शेजाऱ्यांना वाटलं होतं. पण परक्या नराच्या नुसत्या वासाने नुकती गाभण राहिलेली उंदरीण गर्भ गमावू शकते, हे हिल्डा ब्रूस या बाईंनी १९५९ साली दाखवून दिलं होतं आणि ते नेमकं नानांच्या वाचनात आलं. एकाचे तीन सापळे झाले. एका उंदरीण-पाहुणीसाठी तिच्याच गोतावळ्याची अशी धरपकड चाललेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

एका पहाटे ती व्याली. आठ पिल्लं! जेमतेम ग्रॅम-सव्वा ग्रॅमची, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची. घाबरलेली आई पिल्लं खाऊन टाकते, हे नानांनी वाचलं होतं. त्यामुळे घरात संचारबंदी लागली. कुकरची शिट्टी काढून ठेवली, दारावरची बेल बंद झाली. ज्याच्या आवाजाने पाच फलाट हलायचे, तो माणूस चहा खुणेने मागू लागला. काकूंनी दोन दिवस ती खूण ओळखलीच नाही. पिल्लं ओरडतात ती माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या पट्टीत, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "हे आधी कळतं, तर माणसांऐवजी यांच्याशीच संसार केला असता."

नाना मात्र लांबूनच भिंग लावून बसायचे. पिल्लाच्या पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढऱ्या डागासारखं दिसतं. तो डाग आठही जणांच्या पोटावर आहे का, याची नोंद वहीत. आठवड्याभरात लव आली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डोळे उघडले. तीन आठवड्यांनी दूध सुटलं आणि नानांनी दुसरं खोकं मागवलं, कारण नर पोरगे पाच-सहा आठवड्यांत बाप व्हायला तयार असतात आणि सख्ख्या बहिणींचाही विधिनिषेध पाळत नाहीत. एका संध्याकाळी शेपट्या उचलून वाटणी झाली. एका खोक्यावर नानांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'महिलांसाठी राखीव'.

काकूंनी चष्मा चढवला, वाकून बराच वेळ आत पाहिलं आणि पदर खोचत म्हणाल्या, "अहो कंट्रोलर, राखीव सीटवर एक बाप्या बसलाय."