बटाट्यांची जमाबंदी

तहसील कचेरीत दुसऱ्यांच्या पिकांची आणेवारी लावण्यात ज्याची तेहतीस वर्षे गेली, त्या मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर स्वतः एखादे पीक काढू नये, असा नियम महसूल खात्याच्या कोणत्याही नियमावलीत नाही. आणि तो नाही, एवढ्या एकाच आधारावर मी गेल्या कार्तिकात खेड तालुक्यातील आमच्या घराच्या परसात पाव गुंठा जमीन खणून तीत पाच किलो बटाट्याचे बेणे लावले. लावणी, पाणी, मातीची भर या मधल्या प्रकरणांत सांगण्यासारखे काही घडले नाही. माझी कैफियत सुरू होते ती काढणीपासून.

माघाच्या सुरुवातीला पाला पिवळा पडू लागला, तो पाहताच मी धोतराचा काचा मारून कुदळ खांद्यावर घेतली. तोच शेजारच्या मळ्यातील आबांनी कुंपणापलीकडून मला अडवले.

“रावसाहेब, दमानं घ्या. आधी पाणी तोडा. आठ दिसांनी पाला कापून टाका, अन् त्यावर आणखी आठ-दहा दिस माल मातीतच राहू द्या.”

एवढे बोलून ते आत आले, एक बटाटा उकरून त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि त्यावर अंगठा घासायला सांगितले. भिजलेल्या पाकिटावरून पोस्टाचे तिकीट सुटावे, तशी त्याची साल अंगठ्याखाली अलगद सरकली. “असला कच्चा माल ठेवला, तर त्याचं पाणी होतंय,” आबा म्हणाले. मी प्रकरण पुढील तारखेवर ठेवले.

पंधरवड्यानंतर साल अंगठ्याला दाद देईनाशी झाली, तेव्हा मी विधिपूर्वक पहिला घाव घातला, आणि त्या पहिल्याच घावाला संपूर्ण वाफ्यातील बहुधा सर्वांत मोठ्या बटाट्याचे दोन भाग झाले. इतके समसमान, की सख्ख्या भावांतही त्या वाटणीवरून दावा दाखल झाला नसता. अशी आणखी काही वाटपे झाल्यावर मी कुदळ टाकून हातांवर आलो. वरंब्याची वरची माती उन्हाने तापलेली, पण चार बोटे खाली ती रांजणाच्या बुडासारखी गार लागते. त्या गारव्यात चाचपता चाचपता बोटांना एकाएकी काही गुळगुळीत, टणक आणि निःसंशय आपले असे लागते, तेव्हा साठी उलटलेल्या गृहस्थालाही ओरडावेसे वाटते. मी ओरडलो. आमच्या सौभाग्यवतींना विंचू चावल्याचा संशय आला आणि त्या मीठ-पाणी घेऊन धावल्या.

एकूण माल तेवीस किलो भरला. पाच किलो बेण्याला दहापट, म्हणजे पन्नास किलो, हे आबांच्या हिशेबाने सोळा आणे पीक. त्या मानाने माझी पैसेवारी सेहेचाळीस पडली. पन्नास पैशांच्या आतल्या गावांना टंचाईच्या सवलती मिळाव्यात म्हणून मी स्वहस्ते कागद रंगवले होते. माझ्या परसासाठी तसा कागद रंगवायला कोणी आले नाही.

यापुढचा प्रश्न साठवणीचा. बटाट्याच्या अपेक्षा मोजक्या असतात: त्याला धुऊ नये, उजेड दाखवू नये, वारा बंद करू नये, उकाड्यात ठेवू नये आणि कांद्याच्या शेजारी बसवू नये. आमच्या घरात जेथे वारा आहे तेथे उजेड आहे, जेथे अंधार आहे तेथे कांदा आहे, आणि फाल्गुनानंतर उकाडा सर्वत्र आहे. आबांच्या मळ्यात झाडाच्या दाट सावलीत बटाट्याची अरण, म्हणजे साठवणीची रास, लागते. आमच्या परसात सावली म्हणून जी आहे ती शेवग्याची. अखेर आमच्या मातुःश्रींची उंच पायांची शिसवी खाट मुक्रर झाली. तिच्याखाली गोणपाट अंथरून, कडुनिंबाचा पाला पसरून, मी एकेक बटाटा निजवला. दोन किलो जायबंदी बटाटे साठवणीस नालायक ठरल्याने त्याच रात्री त्यांची भाजी झाली. सौभाग्यवतींनी उरलेल्यांपैकी पाटीभर धुवायला घेतले होते, ते मी अक्षरशः हौदाच्या काठावरून सोडवून आणले.

ज्या अँडीज पर्वतात बटाट्याचे मूळ घर, तेथील लोक बटाटे रात्रीच्या हिमात गोठवतात, पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात, उन्हात वाळवतात आणि मग ते वर्षानुवर्षे टिकतात, असे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. “पायांनी तुडवलेले उपासाला चालायचे नाहीत,” एवढाच शेरा मिळाला. मला या न्यायाचे नेहमी नवल वाटते: वांगे येथले, बटाटा पोर्तुगिजांच्या गलबतातून आलेला, दोघे एकाच कुळातले, पण चातुर्मासात वांग्याला घरबंदी आणि हा परदेशस्थ थेट एकादशीच्या पानात!

तीन आठवड्यांनी मी शिल्लक तपासली. एकवीस किलो ठेवलेले, साडेएकोणीस भरले. माझी सारी नोकरी या श्रद्धेवर झाली, की तुटीला कारण असते आणि कारणाला नाव-गाव असते. तेव्हा मी सौभाग्यवतींचा जबाब घेतला.

“अहो, त्या खाटेखाली रोज तुम्हीच वाकून बघता. तुमच्या नजरेनेच वाळले असतील!”

आबांनी खुलासा केला: “जितं असतंय ते, रावसाहेब. श्वास घेतंय, घाम गाळतंय.” म्हणजे जमिनीतून काढल्यावरही बटाटा आपले चलनवलन चालू ठेवतो, आणि त्याचा खर्च स्वतःच्याच पिठातून व पाण्यातून भागवतो! कोठारावर नेमलेल्या रखवालदाराने आपला मुशाहिरा कोठारातूनच मापून घ्यावा, तसा हा कारभार. ‘घट’ नावाचा रकाना मी जन्मभर संशयाने पाहत आलो होतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात कित्येक गोदाम कारकुनांची क्षमा मागितली.

खिडकीच्या बाजूचे बटाटे हिरवे पडले. ते कडू आणि विषारी, म्हणून टाकले. मग चैत्रात एके रात्री खाटेखालून एक करडी पाकोळी उडाली. ही बया १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर या देशात उतरली आणि परत गेली नाही. तिने डोळ्यांपाशी अंडी घालावीत, अळ्यांनी आत बोगदे खणावेत आणि दाराशी काळी विष्ठा टाकून पत्ता कळवावा, असा तिचा रिवाज. मी कंदील घेऊन पंचनाम्याला बसलो, वरवर धडधाकट दिसणारा एक बटाटा उचलला, आणि माझी दोन बोटे त्यात पेरापर्यंत गेली. त्या वासाचे वर्णन मी करीत नाही. मातुःश्रींच्या खाटेवर तेव्हा मी स्वतः निजत असे, एवढेच नमूद करतो.

वैशाखातल्या एकादशीला सौभाग्यवती बाजारातून पिशवीभर बटाटे घेऊन आल्या.

“घरात बटाटे असताना?” मी विचारले.

“ते साठवणीचे आहेत ना!”

यात उपहास किती आणि निष्ठा किती, हे मला आजतागायत उलगडलेले नाही. कारण एवढ्या दिवसांत ढिगातला एकही बटाटा मी चुलीपर्यंत जाऊ दिला नव्हता, हे खरे. ज्येष्ठाच्या अखेरीस मी ताळेबंद मांडला. जमा, तेवीस. कुदळीने जायबंदी, दोन; हिरवे पडले, दोन; पाकोळी व कूज मिळून, दहा; घट, चार; अखेरची शिल्लक, पाच. ते पाचही किलो सुरकुतलेले, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतून जाड, आखूड, जांभळट कोंब आलेले. आबांनी एक उचलून निरखला आणि म्हणाले, “बेणं मातूर नामी झालंय!”

मृगाचा पाऊस झालाच होता. मी ते पाचही किलो त्याच पाव गुंठ्यात लावले, आणि हात धुऊन घरात येतो, तो सौभाग्यवतींनी बोलावलेला सुतार मातुःश्रींची खाट अंगणात उताणी घालून, तिचे पाय वीतभर आखूड करण्यासाठी पेन्सिलीने खुणा करीत होता.