राग तूर्त तहकूब

राग ही चीज आमच्या घराण्यात वतनी हक्काने चालत आली आहे. निजामाच्या अमदानीत तालुका कचेरीत पेशकार असलेले आमचे आजोबा आमटीत मीठ अधिक पडल्याच्या कारणावरून एकदा भरल्या पानावरून उठून जे घराबाहेर पडले, ते तिसऱ्या दिवशी परत आले, आणि तेही चष्मा घरी राहिला होता म्हणून, अशी आख्यायिका मी लहानपणापासून ऐकत आलो. वडिलांनी हे वतन वाढवले नाही, पण राखले. आणि पुढे वाटेकरी म्हणून दुसरा भाऊ नसल्यामुळे सबंध मिळकत बिनतक्रार माझ्या एकट्याच्या नावावर चढली. महसूल खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त होईपर्यंत तिचा उपभोगही मी यथेच्छ घेतला, कारण कचेरीत जो सदा रागावलेला असतो त्याला लोक कर्तव्यदक्ष समजतात. पंचाईत झाली ती निवृत्तीनंतर. रागवायला हक्काचे असे माणूस घरात एकच उरले. आणि आमच्या हिच्यावर रागावणे म्हणजे जायकवाडीच्या भिंतीवर डोके आपटून धरणाला भगदाड पडेल अशी आशा करण्यासारखे आहे.

मागल्या वैशाखात, पारा बेचाळिसावर गेला असताना, डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा आवळून १७० वर १०० असा आकडा वाचला आणि गोळी लिहून देता देता सहज विचारले, ‘‘काका, मीठ जास्त खाता की राग जास्त करता?’’ यावर मी तोंड उघडण्यापूर्वीच हिने माझ्या वतीने परस्पर जबाब नोंदवला : ‘‘मीठ मी मोजून घालते.’’ फैसला तिथेच झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, घडी केलेली सतरंजी काखेत देऊन मला गारखेड्यातल्या एका मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात रवाना करण्यात आले.

त्या सभामंडपात रोज सकाळी योगाचा वर्ग भरतो. वर्ग घेणाऱ्या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका असल्यामुळे श्वासोच्छ्वासासारखी ईश्वराधीन गोष्टही त्या आकड्यांत बसवून देतात. सहाध्यायी म्हणून एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन सख्ख्या जावा होत्या, एक निवृत्त बँक अधिकारी होते, आणि वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी उरकून थेट येणारा एक तरुण होता, ज्याला कोणतेही आसन सांगितले तरी त्याचे शवासन होत असे. मी मात्र कशातच शिथिल होईना. चार आकड्यांत श्वास घ्यावा आणि आठ आकड्यांत सोडावा असा बाईंचा दंडक होता. माझा श्वास चारात येई, पण सोडताना तिसऱ्या आकड्यालाच कुठेतरी अडकून पडे. आठवडाभर हे पाहिल्यावर बाई माझ्या सतरंजीपाशी येऊन थांबल्या आणि अत्यंत मृदू स्वरात म्हणाल्या, ‘‘काका, सोडा ना तो. श्वास आहे, फाईल नाही.’’

त्या जावांना एकमेकींशी बोलताना मी प्रथम पाहिले ते त्या दिवशी, आणि विषय अर्थात मी होतो.

पुढे बाईंनी याची शरीरशास्त्रीय उपपत्तीही सांगितली. मनुष्याच्या देहात त्याच्या संमतीवाचून चालणारी दोन खाती आहेत. धोका दिसताच हृदयाची धडधड वाढवायची, स्नायूंकडे रक्ताची कुमक धाडायची, पचनासारखी किरकोळ कामे स्थगित ठेवायची आणि माणसाला लढायला किंवा पळायला सिद्ध करायचे, हे पहिल्या खात्याचे काम. आणि धोका टळला की ही सगळी जमवाजमव मोडून कारभार पूर्वपदावर आणायचा, हे दुसऱ्याचे. यांतल्या पहिल्या खात्याला मराठी परिभाषेत ‘अनुकंपी तंत्रिका तंत्र’ म्हणतात. ज्या खात्याच्या हुकमाने मी कोथिंबिरीच्या जुडीपायी भाजीवाल्याच्या अंगावर धावून जातो, त्याला अनुकंपेचे नाव ज्याने बहाल केले त्या परिभाषाकाराचा सरकारी खात्यांचा अनुभव दांडगा असला पाहिजे. दुसरे ते ‘परानुकंपी’. त्याचा मोठा कारभार व्हेगस नावाच्या दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेकडे असतो. ती मेंदूच्या तळाशी उगम पावते आणि मानेतून उतरून हृदय, फुप्फुसे, जठर, आतडी अशी गावे घेत जाते. हे ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे पैठणहून आमच्या शहराकडे येणारी जलवाहिनी उभी राहिली आणि सगळा विषय लख्ख उमगला. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना संथ होतात, कारण उच्छ्वासाच्या वेळी या व्हेगसचा अंमल अधिक चालतो. सबब, उच्छ्वास लांबवला की व्हॉल्व्ह तेवढा अधिक वेळ उघडा राहतो. एरवी मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेणारा माणूस पाच-सहांवर आला की रागाला वर चढायला लागणारा दाबच लाइनीत उरत नाही.

हे सारे कुणाच्या तरी कल्पनेतून निघाले असावे असा मला संशय होता, कारण संशय हा महसूल खात्याचा स्थायीभाव आहे. परंतु चौकशीअंती असे आढळले की अमळनेरला शिक्षण क्षेत्रात काम केलेल्या जगन्नाथ गणेश गुणे नावाच्या गृहस्थांनी, म्हणजेच स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ सालीच लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगावर प्रयोगशाळेत हजर होण्याचे समन्स बजावले होते. उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाच्या पोटात नेमके काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांखाली तपासले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून त्याचा वृत्तांत छापला. १९२७ साली खुद्द गांधीजींचा रक्तदाब वाढला तेव्हा त्यांनीही आसनांविषयी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला होता. ज्याचा अक्रोध जगात गाजला त्या महात्म्यालाही रक्तदाब चुकला नाही हे वाचून मला जो आनंद झाला तो फारसा सात्त्विक नव्हता, हे कबूल केले पाहिजे. हिला मी तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. ‘‘त्यांच्यामागे इंग्रज लागला होता,’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्यामागे कोण लागलंय?’’

वस्तुतः शांतीचा धडा घ्यायला आम्हाला लोणावळ्यापर्यंत जायचेही कारण नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. गोदावरीत स्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर एक जण वाटेत थुंकला, नाथ पुन्हा स्नान करून आले, तो पुन्हा थुंकला, आणि असे एकशे आठ वेळा झाले तरी नाथांच्या कपाळावर आठी उमटली नाही, ही कथा ऐकल्यावाचून मराठवाड्यात कुणी वाढत नाही. नाथांच्या शांतीपुढे माझा माथा सदैव नम्र आहे. पण जमाबंदीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या मनात एक शंका येतेच, की या कथेत गोदावरीच्या अखंड पुरवठ्याचा वाटा किती धरावा? त्याच पैठणच्या त्याच गोदावरीचे पाणी, नाथांचेच नाव मिरवणाऱ्या नाथसागरातून उचलून, आमच्या गल्लीत आणून सोडतात. ते कधी सहाव्या दिवशी येते, कधी आठव्या. आठव्याचा हिशेब धरला तर एकशे आठ स्नाने पुरी करायला मला आठशे चौसष्ट दिवस, म्हणजे दोन वर्षे चार महिन्यांहून अधिक मुदत लागेल. आणि तेवढा काळ त्या इसमाने आपल्या कामात खंड पडू देता कामा नये. हा हिशेब मी बाईंना दाखवला. त्यांनी तो पडताळून पाहिला, आकडा बरोबर असल्याचे मान्य केले आणि मला भ्रामरीच्या आणखी पाच आवर्तनांची शिक्षा दिली.

तरीही गुण येऊ लागला, तो मात्र माझ्या पद्धतीने. राग आला की त्याला मंजूर करायचे नाही आणि नामंजूरही करायचे नाही. नुसता आवक क्रमांक द्यायचा, ‘तूर्त तहकूब’ असा शेरा मारायचा आणि आठ आकड्यांचा उच्छ्वास सोडायचा, ही युक्ती मला साधली. पैठणगेटपाशी एका रिक्षाने माझ्या स्कूटरला अशी हूल दिली की मी गुलमंडीच्या दिशेने निघालो होतो तो जवळजवळ स्वर्गाच्या दिशेने गेलो. जुना मी असतो तर तिथे निदान अर्धा तास इजलास भरला असता. मी क्रमांक दिला, शेरा मारला आणि गाल फुगवून श्वास सोडत उभा राहिलो. रिक्षावाला वळून घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला, ‘‘क्या हुआ चच्चा? दवाखाने को ले के चलूँ क्या?’’ शांत मनुष्य रस्त्यावर दिसण्याची सवय आमच्या शहराला अद्याप झालेली नाही.

भ्रामरी मात्र मला विशेष मानवली. अंगठ्यांनी कान मिटायचे, डोळे झाकायचे आणि उच्छ्वासाबरोबर कंठातून भुंग्यासारखा गुंजारव काढायचा. गुंजारव चालू ठेवायचा म्हटले की उच्छ्वास आपसूक लांबतो. माझा आवाज मुळात खर्जातला, त्यात कचेरीतल्या पुकाऱ्याने पक्का झालेला. एकदा पाण्याच्या दिवसाच्या आदल्या रात्री, दोनच्या सुमारास, झोप येईना म्हणून मी मागच्या पडवीत, हौदाशेजारी बसून भ्रामरी सुरू केली. आठ-दहा आवर्तने झाली असतील. कान मिटलेले असल्यामुळे दार वाजत होते ते मला कळले नाही. हिने हलवले तेव्हा कळले. दारात शेजारचे प्राध्यापक बनियनवर, हातात बॅटरी घेऊन, उभे.

‘‘काका, हे बरं नव्हे. मोटार बंद करा.’’

आमच्या गल्लीत नळाला थेट मोटार लावणे हा अपराध खुनाच्या खालोखाल गणला जातो, कारण एकाने मोटार लावली की पुढच्या चार घरांच्या नळांना नुसती हवा येते. पाणीच आलेले नव्हते, ही बाब ते संतापाच्या भरात विसरले होते. माझ्या वतनाने आत उसळी मारली. मी त्याला क्रमांक दिला. प्राध्यापकांना सन्मानाने पडवीत नेले, हौद दाखवला, थंडगार पडलेल्या मोटारीवर त्यांचा हात ठेववला, आणि मग कान मिटून, डोळे झाकून, संपूर्ण लांबीची एक भ्रामरी त्यांच्यासमक्ष करून दाखवली. डोळे उघडले तेव्हा ते ओशाळून बॅटरी चालू-बंद करीत होते. ‘‘सेम मोटार वाटते हो,’’ एवढेच ते म्हणाले. सकाळपर्यंत गल्लीभर ही हकीकत झाली आणि काकांच्या योगसाधनेबद्दल सर्वत्र आदर उत्पन्न झाला.

यानंतर तीन आठवड्यांनी लेक आणि तिची तीन मुले सुट्टीला आली. मुलांना हौद ही पोहण्याची जागा वाटत असल्यामुळे पाण्याच्या दिवसापूर्वीच तळ दिसू लागला, टँकरवाला दोन दिवसांचा वायदा सांगू लागला, आणि रात्री तीनला नळाने एक दीर्घ रेचक सोडून जे पाणी आणले ते करंगळीएवढे होते. ही पदर खोचून हौदापाशी उभी होती. ती कधी कायद्याबाहेर बोलत नाही. ती इतकेच म्हणाली, ‘‘अहो, लावा.’’

मी लावली.

दोन मिनिटे गेली नसतील, तोच भिंतीपलीकडून प्राध्यापकांचा झोपेने जड झालेला, पण आदरयुक्त आवाज आला.

‘‘काका, भ्रामरी का?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. स्वर शांत होता, तळवे कोरडे होते; त्या क्षणी डॉक्टरांनी नाडी धरली असती तर त्यांनी गोळी अर्धी केली असती.

‘‘चालू द्या, चालू द्या. आमच्याकडे मात्र पाणी आज फारच बारीक येतंय हो.’’

हिने माझ्याकडे पाहिले नाही. मी चार आकड्यांत श्वास घेतला आणि आठ आकड्यांत सोडला. मोटार तोवर चालूच होती.